काढलं कुणालाच नाही

मंगळवारी सकाळी तळोज्याच्या एका शेडमध्ये धाकट्याबरोबर गेलो होतो. धाकटा म्हणजे आमच्या आळीतल्या दोन भावांपैकी लहान. आयटीआय झालेला, पाताळगंगा आणि रसायनीच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे चार वर्षं घासलेला. शेडमध्ये पत्र्याच्या बारा खोल्या, प्रत्येकीत एक पोरगा आणि एक पाइप. सहा इंची पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका जखडलेला. तो फिरवायचा नाही. वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं: खालून उताणं होऊन, बाजूने गुडघ्यावर, वरून मान वाकडी करून. याला सिक्स-जी म्हणतात. आखातातल्या तेलाच्या कामाचा विझा हवा असेल, तर या पाइपातून, म्हणजे ट्रेड टेस्टमधून, पार पडावं लागतं.

धाकट्याने आधी टिग वेल्डिंगने रूट, म्हणजे सांध्याचा पहिला थर, मारला. मग हॉट पास, मग फिलर, शेवटी कॅपिंग. दर थरानंतर ग्राइंडर आणि वायरब्रश. अडीच तासांनी त्याने हेल्मेट वर केलं तेव्हा भुवयांमधून घाम गळत होता आणि उजव्या मनगटावर ठिणगीचा ताजा लाल डाग होता. परीक्षकाने पाइपच्या तोंडातून बॅटरी आत मारली. मीही वाकून बघितलं. आतल्या बाजूने सांध्याची बारीक कड उतरली होती, सगळीकडे सारखी, जाड सुतळी गोल चिकटवावी तशी. परीक्षक काही बोलला नाही. त्याने खडूने पाइपवर बरोबरची खूण केली आणि पुढच्या खोलीत गेला.

सांध्याचा एक्स-रे व्हायचा आहे, तरी पोरगा पास झाल्यात जमा आहे. संध्याकाळी एजंटाने मोबाइलवर ऑफर लेटर धाडलं. मी म्हटलं, "सही करू नकोस. आधी दादाला दाखव."

कारण दादा, म्हणजे थोरला, याच रस्त्याने गेला होता आणि परत आलाय.

थोरल्याचा फोन आला होता २०२४ च्या मे महिन्यात, रात्री साडेअकराला. सौदीच्या पूर्व किनाऱ्यावर तो आठ वर्षं होता, समुद्रातल्या कामावर. मला वाटलं, घरी कुणाचं काही झालं. तो शांतपणे म्हणाला, "काका, डीमोब झालो."

हा शब्द आखातातल्या प्रत्येक साइटवर रोज बोलला जातो. काम सुरू होताना क्रेन, जनरेटर, कंटेनर आणि माणसं आणतात, ते 'मोब'. काम संपलं किंवा थांबलं, की हे सगळं उचलून परत पाठवतात, ते 'डीमोब'. ठेकेदाराच्या बिलात दोन्हींचा एकच रकाना असतो. मूळ शब्द लष्करातला आहे, युद्ध संपल्यावर सैनिकांना घरी सोडतात तेव्हाचा. आमच्या थोरल्याने स्वतःसाठी क्रेनचा शब्द वापरला आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला रात्रभर झोप आली नाही, ती या शब्दामुळे.

झालं काय होतं? ३० जानेवारी २०२४ ला सौदी सरकारने अरामको या आपल्या कंपनीला कळवलं की, रोजची उत्पादनक्षमता १.२ कोटी पिंपांवरून १.३ कोटींवर न्यायची योजना थांबवा. योजना मोठी होती, त्यासाठी समुद्रात तेलविहिरी खणणाऱ्या जॅक-अप रिग जगभरातून भाड्याने आणलेल्या होत्या. योजना थांबली तशी त्यांच्या मालकांना पत्रं गेली: करार तूर्त स्थगित. पहिल्या काही महिन्यांतच वीसहून अधिक रिग अशा थांबल्या. एका रिगवर एका वेळी शंभराच्या आसपास माणसं असतात, आणि पाळीवर जमिनीवर उतरलेली तेवढीच आणखी. ड्रिलरपासून रंगारी, स्वयंपाकी, कपडे धुणाऱ्यापर्यंत.

आता हा निरोप खाली कसा आला ते बघा. मोठ्या कंपनीने रिगच्या मालकाला स्थगिती दिली. मालकाने माणसं पुरवणाऱ्याला फोन केला: इतकी नकोत. पुरवणाऱ्याने आपल्या खालच्या पुरवठादाराला सांगितलं. त्या शेवटच्या पुरवठादाराच्या कॅम्प बॉसने संध्याकाळी पाच वाजता जेवणाच्या हॉलच्या दाराला यादी डकवली. यादीत नाव आलेल्या माणसाच्या इकाम्यावर, म्हणजे त्याच्या तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, मालक म्हणून नाव कुणाचं? त्या शेवटच्या पुरवठादाराचं. ज्या कंपनीचं तेल तो आठ वर्षं काढत होता, तिच्या वह्यांत तो कधी नव्हताच. त्यामुळे त्या मोठ्या कंपनीला विचारलंत, तर ती खरं तेच सांगेल: आम्ही यातल्या कुणालाच काढलं नाही.

माझा सगळा राग या वाक्यावर आहे. त्याच वर्षी, २०२४ साली, अरामकोचा निव्वळ नफा १०६ अब्ज डॉलर होता. भागधारकांना जाहीर केलेला लाभांश १२४ अब्जांच्या घरात होता. पैसा नव्हता असं कुणी म्हणू नये. इतक्या मोठ्या कंपनीला आपल्या पिंपाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाची यादी ठेवणं आणि तो परत जाताना त्याचा हिशेब चुकता झाला का हे पाहणं, एका कारकुनाचं काम आहे. गेटवर प्रत्येकाचा पास त्यांचाच असतो, सुरक्षेचं प्रशिक्षण त्यांच्याच नियमाने होतं, एकाने हातमोजा घातला नाही तर साइटवरून हाकलतात. हातमोजा मोजता येतो, तर माणूसही मोजता येईल.

एक्स्पॅट हा शब्द आपण इथे सर्रास वापरतो. परदेशात नोकरी करणारा तो एक्स्पॅट, असं आपल्याला वाटतं. साइटवर विचारा. एक्स्पॅट म्हणजे ज्याला कुटुंबासह घर, मुलांना शाळा, वर्षाला घरच्या सगळ्यांचं विमानभाडं. आपला माणूस कागदावर 'थर्ड कंट्री नॅशनल', टीसीएन. म्हणजे तो ना या देशाचा ना कंपनीच्या देशाचा, तिसरीकडचा कुठला तरी. ही प्रतवारी जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर धाहरानमध्ये अमेरिकनांच्या वसाहतीत हिरवळ आणि पोहण्याचे तलाव होते, अरब मजूर कुंपणापलीकडे झापांच्या झोपड्यांत, आणि हिंदी कारकून-कारागिरांसाठी मधली वसाहत वेगळी. मधली म्हणजे दोन्हीकडून पहिली हलवली जाणारी.

याहून जुनी गोष्ट इराणातल्या आबादानची आहे. मशीद-इ-सुलेमानला २६ मे १९०८ रोजी तेल लागलं, पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी उभी राहिली आणि आबादानला शुद्धीकरण कारखाना आला. कारागीर आणि कारकून आले हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून. भरतीचं एक मोठं ठिकाण होतं आपली मुंबई. आबादानला आजही रंगूनवाल्यांच्या नावाची मशीद उभी आहे. १९२२ मध्ये तिथल्या हिंदी कामगारांनी पगारवाढीसाठी संप केला. कंपनीने त्यांच्यातल्या पुष्कळांना बोटीत घालून परत धाडलं. शंभर वर्षांपूर्वीचा डीमोब.

आणि पुढे १९३३ मध्ये इराणच्या शहाबरोबर नवा करार झाला. बिगर-इराणी नोकर हळूहळू कमी करायचे, असं कलम त्यात होतं. कलम न्याय्यच होतं, इराणच्या तेलावर इराणच्या पोराने का काम करू नये? पण कात्री चालली कुणावर? वरच्या खुर्च्यांवरचे इंग्रज होते तिथेच राहिले. फिटर, लेखनिक, भांडारपाल असलेले हिंदी आधी गेले. २०११ मध्ये सौदीने निताकत आणलं, कंपन्यांना लाल, पिवळा, हिरवा, प्लॅटिनम असे रंग दिले, स्थानिक माणसं कमी असलेल्या लाल रंगाच्या कंपनीला परदेशी माणसाच्या परवान्याचं नूतनीकरण करता येईना. तेव्हा वर्तमानपत्रांत केवढा गहजब झाला! मला नवल वाटलं ते आपल्या सरकारांचं. आठ दशकं ही एकच वाट चालत आलोय, आणि दर वेळी चेहरा असा की, अरे, इथे खड्डा आहे.

खड्डे मोजूनच दाखवतो. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि एअर इंडियाने तिथून पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले. २०१४ च्या जूनमध्ये पिंप ११५ डॉलरला होतं, २०१६ च्या जानेवारीत तीसच्या खाली. त्या २०१६ च्या उन्हाळ्यात सौदीत पगार थकलेले हजारो भारतीय कामगार कॅम्पांत उपाशी होते आणि परराष्ट्र खात्याला त्यांना शिधा पुरवावा लागला. २०१७ च्या जुलैपासून सौदीने कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल कर बसवला, तो वाढत वाढत ४०० वर नेला. त्या वर्षांत किती बायका पोरांच्या दाखल्यांसह कोकणात परतल्या! वर्षाच्या मधेच मराठी शाळेत येऊन बसलेली ती मुलं वर्गात गप्प असायची, हे मला एका शिक्षिकेने सांगितलं होतं. मग २०२० ची साथ, ७ मेपासून वंदे भारतची विमानं. आणि २०२४.

पिंप पडलं की आधी माणूस पडतो. पिंप चढलं की माणूस पुन्हा ट्रेड टेस्टच्या रांगेत.

आता जे सांगणार आहे ते कापून ठेवा. ज्यांच्या घरातलं कुणी सौदीत आहे त्यांनी तर ठेवाच. थोरल्याच्या हिशेबाचा कागद मी स्वतः बघितला आहे. त्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रकार एकीचा नाही. आकडे सोपे करून मांडतो. महिन्याला सगळं मिळून २,४०० रियाल, नोकरी आठ वर्षं.

सौदीच्या कामगार कायद्यात नोकरी संपताना मिळणारी रक्कम ठरलेली आहे, आपली माणसं तिला सर्व्हिस मनी म्हणतात. पहिल्या पाच वर्षांना दरसाल अर्धा पगार, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला पूर्ण पगार. म्हणजे पाच गुणिले १,२०० झाले ६,०००. तीन गुणिले २,४०० झाले ७,२००. एकूण १३,२०० रियाल. कंपनीने काढलं किंवा कराराची मुदत संपली, तर ही पूर्ण रक्कम. पण माणसाने स्वतः राजीनामा दिला तर? दोन ते पाच वर्षांच्या नोकरीला एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांना दोन तृतीयांश, दहा वर्षं भरली तरच पूर्ण.

यादी लागली त्या रात्री कॅम्प बॉस एक कागद घेऊन खोलीत येतो. वर अरबी, खाली मोडकं इंग्रजी. "सही कर, तिकीट लवकर होईल." कागद असतो राजीनाम्याचा. १३,२०० चे झाले ८,८००. मग हिशेब पूर्ण पगारावर न करता फक्त बेसिकवर करतात. कायदा शेवटचा प्रत्यक्ष पगार धरायला सांगतो, भत्ते धरून. पण नेमणुकीच्या कागदातच बेसिक १,५०० दाखवलेलं असतं आणि उरलेले ९०० जेवण, राहणं, ओव्हरटाइम अशा नावांनी विखुरलेले. १,५०० वर आठ वर्षांचे होतात ८,२५०, त्याचे दोन तृतीयांश ५,५००. कुठे १३,२०० आणि कुठे ५,५००. फरक ७,७०० रियालचा, बावीस रुपयांनी धरला तर एक लाख सत्तर हजारांच्या घरात. थोरल्याच्या घराच्या स्लॅबचे राहिलेले पैसे तेवढेच होते.

थोरल्याने सही केली. मी त्याला विचारलं, का केलीस? तो म्हणाला, "काका, पासपोर्ट त्यांच्याकडे, इकामा त्यांच्या नावाचा, तिकीट त्यांच्या हातात. आणि खोलीत आम्ही सहा जण. पहिल्या पाच जणांनी केली होती."

पनवेलकरांनी हे वाचून सौदीला शिव्या घालू नयेत. ठेकेदाराखाली ठेकेदार ही शिडी आपल्या दारातही उभी आहे. १९७४ च्या फेब्रुवारीत ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या सागर सम्राट रिगने मुंबई हायला तेल शोधलं, २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. नळ उरणला आला, वसाहत आणि संशोधन संस्था पनवेलला आल्या. आमच्या पिढीत ओएनजीसीत लागलेला जावई म्हणजे लग्नाच्या बाजारातली सगळ्यात वरची पायरी. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी, आणि घरी असताना वसाहतीच्या मैदानावर पोरांना क्रिकेट शिकवणारे ते काका मला आठवतात. गेल्या दहा-बारा वर्षांत ओएनजीसीची कायम माणसं तेहतीस हजारांवरून पंचवीस-सव्वीस हजारांवर आली. कपात झाली का? नाही. निवृत्त झाले, त्यांच्या खुर्च्या पूर्ण भरल्या नाहीत. समुद्रातली कामं मात्र थांबलेली नाहीत, ती ठेकेदाराचा माणूस करतो.

तो माणूस कोण, हे आपल्याला १७ मे २०२१ ला कळलं. तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ जण होते. ती आणि त्याच वादळात बुडालेली वरप्रदा टग, दोन्ही मिळून ८६ जण गेले. काम ओएनजीसीचं, ठेका एका बड्या कंपनीचा, बार्ज तिसऱ्याची, आणि माणसं त्या सगळ्यांच्या खालच्या पुरवठादारांची. वेल्डर, फिटर, रिगर, स्वयंपाकी. शवागाराबाहेर नातेवाईक विचारत होते, की नेमकं कुणाला विचारायचं? दर टेबलावर उत्तर होतं, पुढच्या टेबलावर जा. बार्ज बुडत असताना ज्यांनी लाइफ राफ्ट ओढले आणि ते फाटके निघाले, त्यांची बायकापोरं आठवडाभर या टेबलावरून त्या टेबलावर जात होती. मला त्या दिवसांतली वर्तमानपत्रं अजून वाचवत नाहीत.

आणि आता एक गोष्ट अशी, जिने मला कोड्यात टाकलं. २०२५ च्या जानेवारीत ओएनजीसीने मुंबई हायचं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपीला तांत्रिक सल्लागार म्हणून नेमल्याचं जाहीर केलं. दहा वर्षांसाठी. त्याच महिन्यात बीपीने जगभरातले ४,७०० नोकर आणि ३,००० ठेक्याची माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं. मी बीपीची बाजू घेत नाही, सात हजार सातशे घरांत त्या आठवड्यात काय झालं असेल ते मला थोरल्याच्या घरावरून कळतं. पण एक बघा. लंडनने ठेक्याची माणसं वेगळ्या आकड्यात का होईना, मोजली. वर्तमानपत्रात छापली. ३,००० असा आकडा असला, की त्या ३,००० जणांसाठी कुणी तरी भांडू शकतं, संसदेत प्रश्न विचारू शकतं, नुकसानभरपाई मागू शकतं. आपल्या सार्वजनिक कंपन्यांनी हे एवढं तरी करावं: दर वर्षी अहवालात ठेक्याची किती माणसं आली आणि किती गेली, ठेकेदाराच्या नावासह, ठळक छापावं. यासाठी नवा कायदाही नको.

परदेशी कामाला जाणाऱ्यांसाठी मात्र कायदा आहे, पण तो धाकट्याला लागू नाही. १९८३ चा उत्प्रवास कायदा म्हणतो की, दहावी न झालेला माणूस कामासाठी ठरावीक अठरा देशांत जात असेल, तर आधी सरकारी मंजुरी हवी, करार तपासला जाईल, विमा काढावा लागेल. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला ही अट नाही. अडाण्याला फसवतात, शिकलेला स्वतःचं बघून घेईल, असा त्यामागचा समज. कोकणातला आजचा वेल्डर दहावी आणि वर आयटीआय असतो. म्हणजे ज्याच्या हातात कौशल्य जास्त, तो सरकारच्या वहीत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र खात्याने ठरवलं होतं, की १ जानेवारी २०१९ पासून दहावी झालेल्यांनीही निघण्यापूर्वी नोंदणी करायची. ओरड झाली आणि त्याच महिन्यात निर्णय स्थगित केला. ओरडणाऱ्यांचं म्हणणं होतं, विमानतळावर अडवतील. खरी भीती होती, तिच्यावर उपाय काढता आला असता. नोंदणी मात्र आजही ऐच्छिक आहे. धाकट्याला ती करायला लावतोय. प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये आहे, संरक्षण दहा लाखांचं. पनवेलमध्ये थिएटरच्या पॉपकॉर्नलाही याहून जास्त मोजतात.

एजंटाने धाकट्याकडे मागितले एक लाख वीस हजार. कायद्याने नोंदणीकृत एजंटाला ३०,००० आणि वर जीएसटी, यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही. धाकट्याला हे माहीत नव्हतं. आईचे दागिने आधीच पुढ्यात येऊन पडले होते.

केरळने डिसेंबर १९९६ मध्ये परदेशी गेलेल्या आपल्या माणसांसाठी नोर्का नावाचं स्वतंत्र खातं काढलं. परत आलेल्याला धंद्यासाठी कर्ज, त्याच्यासाठी कल्याण निधी आणि पेन्शन, अडकलेल्यासाठी फोन उचलणारा माणूस. मल्याळी माणूस आपल्याहून शहाणा आहे म्हणून हे झालं, असं मी मानत नाही. तिथे आखातातून येणाऱ्या मताची किंमत आमदाराला कळते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार झाला. पाठवायला माझी ना नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला आपल्याच पनवेल तालुक्यातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला पहिली विमानं उडाली. पाठवण्याची सोय दारापर्यंत आली. परत आलेल्याची दाद घेणारं एक टेबल बेलापूरच्या कोकण भवनात लावा. एक अरबी वाचणारा माणूस, एक कामगार कायदा जाणणारा वकील, आठवड्यातून दोन दिवस. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातली किती माणसं हातात हिशेबाचा कागद घेऊन येतील ते बघा. म्हसळ्याच्या, श्रीवर्धनच्या, खेडच्या गावागावांत आखाताच्या पैशावर चढलेली घरं आहेत आणि त्यांच्या कपाटांत हे कागद पडून आहेत.

आखातात जाऊच नका, असं मी कुणाला सांगणार नाही. तळोज्यात तोच सांधा मारून धाकट्याला महिन्याला जे मिळतं, त्याच्या तिप्पट तिथे मिळेल. थोरल्याच्या त्या आठ वर्षांत बहिणीचं लग्न झालं, वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, घराला स्लॅब पडला. त्या पैशाचा मान मी ठेवतो. त्याच्या घामाचा हिशेब कमी पडला, भांडण त्याचं आहे.

मंगळवारी रात्री आम्ही तिघं त्यांच्या ओटीवर बसलो. थोरल्याने मोबाइलवर ऑफर लेटर वाचायला घेतलं. वरती ठळक अक्षरांत प्रकल्प म्हणून जगातल्या एका भल्या मोठ्या तेल कंपनीचं नाव होतं. धाकट्याने आळीभर तेच नाव सांगितलं होतं. थोरला खाली खाली सरकवत गेला. शेवटच्या पानावर, बारीक टायपात, नेमणूक करणाऱ्याचं नाव: कुणी ऐकलेलं नाही असं, दम्मामच्या एका पोस्ट बॉक्सचं.

"बेसिक किती?" थोरल्याने विचारलं.

"एकूण बावीसशे आहे दादा."

"बेसिक."

धाकट्याने बोटाने पडदा मोठा केला. बाराशे. जेवण तीनशे. उरलेले सातशे 'इतर, कामाच्या गरजेनुसार'.

थोरल्याने मुलीची वही मागवली आणि मागच्या पानावर प्रश्न लिहून काढले. सात झाले. इकामा कुणाच्या नावाने? बेसिक वाढवून एकरकमी पगार लिहून देणार का? पासपोर्ट कुणाकडे राहणार? काम थांबलं तर कराराच्या उरलेल्या महिन्यांचं काय? असे. सगळे मीच हिंदीत टाइप करून एजंटाला पाठवले. तो जागाच होता. दोन मिनिटांत उत्तर आलं: "वो सब वहाँ जाके हो जाएगा भाई, आप टेन्शन मत लो."

धाकट्याने ते दोनदा वाचलं आणि फोन भावापुढे धरला.

"मलाही हेच लिहिलं होतं," थोरला म्हणाला. "याच शब्दांत."

एक्स-रेचा निकाल शुक्रवारी आहे. सही अजून केलेली नाही.